मशीनला ग्रँट मिळते, मशीन सांभाळणाऱ्याचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबरात एनआयआरएफचं, म्हणजे केंद्र सरकारचं उच्च शिक्षण संस्थांचं, रँकिंग आलं तेव्हापासून पेपरात विद्यापीठांवर रोज काही ना काही येतंय. पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ २०२० साली देशातल्या विद्यापीठांमध्ये नववं होतं, २०२४ ला २३ वं झालं आणि २०२५ ला थेट ५६ वं, त्यामुळे गहजब होणारच होता. कोणी कुलगुरूंना धरलं, कोणी सरकारला, कोणी म्हणालं रँकिंगच बोगस, आणि बहुतेकांनी हे बरोबर सांगितलं की प्राध्यापकांच्या जागाच भरायच्या नाहीत तर दुसरं काय होणार, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी सगळं वाचलं. तीन आठवडे वाट बघितली की कोणीतरी आमच्या लोकांबद्दल पण लिहील. आमचे लोक म्हणजे लॅब असिस्टंट, तंत्रज्ञ, स्टोअरवाले, काचेची भांडी जोडून देणारा ग्लास ब्लोअर, असे. कोणी लिहिलं नाही म्हणून स्वतःच लिहायला घेतलं. मोबाइलवर टाइप करतोय, पूर्णविराम कमी पडले तर तुमच्या लोकांना टाकायला सांगा.

मी पुण्याच्या विद्यापीठातला नाही. राज्यातल्याच दुसऱ्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र विभागात तेहतीस वर्षं काढली आणि ३१ मे २०२२ ला तांत्रिक सहाय्यक म्हणून रिटायर झालो. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, पेन्शन तिथूनच सुरू आहे आणि तिथल्या लोकांशी अजून चहाचे संबंध आहेत, उगाच कोणाला अडचणीत कशाला आणा.

विद्यापीठांमध्ये ग्रँटसाठी ही जी एक्सलन्सची स्पर्धा चालते ती म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राज्यातल्या विद्यापीठाचे पगार राज्य सरकार देतं, आणि संशोधनाला मोठा पैसा हवा असेल तर दिल्लीच्या योजनांमध्ये प्रपोजल टाकून इतरांशी भांडावं लागतं. यूजीसीची पोटेन्शियल फॉर एक्सलन्स होती, तिच्यात पहिल्या झटक्यात देशातून पाचच विद्यापीठं घेतली होती, जेएनयू, हैदराबाद, मद्रास, जादवपूर आणि पुणे, तेव्हा आमच्याकडे सुद्धा पुण्याचं नाव मोठ्या आदराने घ्यायचे. केंद्राच्या विज्ञान खात्याची, डीएसटीची, फिस्ट २००० सालापासून, मग पर्स, मग २०१३ ला रुसा, त्याचं २०२३ ला पीएम-उषा झालं ज्यात निवडक विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी ठेवले, आणि आता एएनआरएफ, म्हणजे केंद्राची संशोधनाला पैसे देणारी नवी संस्था, ज्याच्याबद्दल ५०,००० कोटींचा आकडा सांगतात पण त्यातले सरकारचे स्वतःचे १४,००० कोटी आणि बाकीचे उद्योगांकडून वगैरे यायचेत. नावं बदलत राहतात, फॉर्म तोच. तुमच्याकडे काय आहे, तुम्ही काय केलंय, तुम्हाला काय पाहिजे. ह्या फॉर्मसाठी प्राध्यापक मंडळी रात्र रात्र बसतात हे मी बघितलंय, त्यांना मी नावं ठेवणार नाही, आमचे एक सर तर प्रपोजलच्या शेवटच्या दिवशी ताप अंगात घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि मी त्यांना क्रोसिन आणून दिली होती.

तर २०११ मध्ये आमच्या विभागाला अशाच एका योजनेतून एनएमआर मशीन मिळालं. हॉस्पिटलातलं एमआरआय ज्या तत्त्वावर चालतं त्याच तत्त्वावर हे चालतं, फक्त तिथे माणूस आत सरकवतात आणि इथे पेन्सिलीपेक्षा बारीक काचेची नळी वरून सोडतात. नळीत विद्यार्थ्यानं बनवलेला पदार्थ असतो, आणि तो म्हणतोय तोच पदार्थ खरंच झालाय का हे मशीन सांगतं. सेंद्रिय रसायनवाल्याचं ह्याच्याशिवाय पानही हलत नाही, एनएमआर जोडला नसेल तर चांगलं जर्नल पेपर वाचायलाही घेत नाही.

ह्या मशीनच्या पोटात एक मॅग्नेट असतो. तो द्रव हेलियममध्ये बुडालेला लागतो, उणे २६९ डिग्रीला, आणि हेलियमच्या भांड्याभोवती द्रव नायट्रोजनचं दुसरं भांडं, ते उणे १९६ ला. मॅग्नेट एकदा चार्ज केला की त्याला वीज लागत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो, फक्त थंड ठेवायचा. म्हणजे लाइट गेली तर मॅग्नेटला फरक पडत नाही पण सुट्टी लागली तर पडतो. नायट्रोजन आठवड्याला भरायचा, हेलियम काही महिन्यांनी. मी सोमवार धरला होता. अकरा वर्षं दर सोमवारी सकाळी साडेआठला मी त्या खोलीत, मग गणपती असो, दिवाळी असो, संप असो. मुलीचं लग्न रविवारी होतं तर सोमवारी पाठवणीत रडून सुजलेले डोळे घेऊन मी गेलो होतो, वॉचमनला वाटलं घरी काहीतरी वाईट झालं.

नायट्रोजन भरताना नळी आधी फुसफुसते, मग तिच्यावर पांढरं बर्फाचं साल चढतं, मग दुसऱ्या तोंडातून नुसती वाफ यायची ती दाट व्हायला लागते आणि थेंब उडायला लागले की भांडं भरलं. मॅन्युअलमध्ये लेव्हल बघा असं लिहिलंय, बघायचीच, पण मला पाच मिनिटं आधी आवाजावरून कळायचं. भरत आलेल्या हंड्याचा आवाज जसा घरातल्या बाईला न बघता कळतो तसं. हे मी कुठे शिकलो नाही, करून करून आलं.

पाहणीला कमिटी येणार म्हटलं की आधीचे पंधरा दिवस विभागात लगीनघाई. भिंतींना रंग, जिन्यात कुंड्या, त्या कुंड्या नर्सरीतून भाड्याने यायच्या आणि कमिटीची गाडी गेटबाहेर पडली की टेम्पो येऊन घेऊन जायचा. प्रत्येक मशीनवर इंग्रजीत नाव, किंमत, कुठल्या योजनेतून आलं आणि खाली हिरव्या अक्षरात 'वर्किंग' असा बोर्ड. दोन मशीन्स बंद होती, त्यांच्यावरही तोच बोर्ड, आणि तो लॅमिनेट करून आणणारा माणूस मीच. दुसऱ्यांना बोलायचं तर आपलं आधी सांगितलेलं बरं.

एकदा एक मेंबर, दक्षिणेकडचे मोठे प्रोफेसर, एनएमआरच्या खोलीत शिरत होते आणि हातात घड्याळ, खिशात पाकीट. मी दारातच हात आडवा केला, म्हटलं सर घड्याळ मोबाइल एटीएम कार्ड बाहेर ठेवावं लागेल, मॅग्नेट आहे, आणि कोणाला पेसमेकर असेल तर आत येऊ नका. आमच्या विभागप्रमुखांचा चेहरा असा पडला की जणू मी कमिटीला हाकलूनच दिलं. ते सर मात्र हसले, घड्याळ काढून माझ्याच हातात दिलं आणि विचारलं हेलियम कोण भरतं. मी म्हटलं मी. तुमच्यानंतर कोण? मी विभागप्रमुखांकडे बघितलं, विभागप्रमुख म्हणाले सर, पुढे आमची नॅनो लॅब आहे. सगळे नॅनो लॅबकडे गेले. तेहतीस वर्षांत हा प्रश्न मला एकदाच विचारला गेला, आणि त्याचं उत्तर कोणी दिलं नाही.

त्याच वेळेस माहितीपत्रकासाठी फोटो काढायचे होते. फोटोग्राफर म्हणाला काका जरा बाजूला होता का, आणि एम.एस्सी.च्या एका मुलीला पांढरा कोट घालून मशीनशेजारी उभं केलं. बिचारी हसून उभी राहिली, तिच्या हातात नळी उलटी होती. तो फोटो लक्षात ठेवा, परत येतो त्याच्यावर.

रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधी मी लेखी दिलं की माझ्या जागेवर माणूस आत्ताच घ्या, म्हणजे मला शिकवता येईल. उत्तर आलं की सुधारित आकृतिबंध (कुठली पदं किती ठेवायची तो तक्ता) शासनाकडे प्रलंबित आहे. सहा महिन्यांनी परत दिलं, तेच उत्तर, फक्त जावक क्रमांक वेगळा. मी गेलो त्या दिवशी नारळ, शाल, घड्याळ सगळं मिळालं, भाषणं पण चांगली झाली, आणि माझी पोस्ट माझ्याबरोबरच घरी आली. मग दोन महिन्यांनी आउटसोर्सिंगवर एक पोरगा घेतला, एम.एस्सी. झालेला, चौदा हजारावर, त्यातून एजन्सीचं कापून हातात साडेअकरा. मला बोलावलं शिकवायला, मी गेलो, सहा आठवडे रोज गेलो. पोरगा हुशार होता, त्याला आवाज कळायला लागला होता. आठव्या महिन्यात त्याला एमआयडीसीतल्या औषध कंपनीत पंचवीस हजाराची नोकरी लागली, त्यानं मला फोन करून विचारलं काका काय करू. मी काय सांगणार? म्हटलं जा. त्याच्यानंतर कोणी नाही. एक पीएच.डी.चा विद्यार्थी वेळ मिळेल तसा बघायचा, म्हणजे स्वतःची थीसिस सांभाळून.

२०२३ ची दिवाळी. हेलियम भरायची वेळ उलटून गेलेली, आणि फाइल अडकलेली. का अडकली ते ऐका, कारण चोरी-बिरी काही नव्हती, सगळं नियमानं चाललं होतं. योजना संपली होती, तिचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे खर्च झाल्याचा दाखला, जाऊन खातं बंद झालं होतं, त्यामुळे हेलियमचा खर्च कुठल्या हेडला टाकायचा हा प्रश्न होता. विभागाच्या आकस्मिक खर्चात एवढे पैसे नसतात, विद्यापीठ फंडातून द्यायचे तर खरेदी समिती पाहिजे, खरेदी समितीची बैठक दिवाळीनंतर. मशीनची एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, आधीच संपलेली, म्हणजे कंपनीचा माणूस फोन उचलेल पण येणार नाही. लेखा विभागातल्या बाईंनी मला नंतर सांगितलं की काका, माझ्या टेबलावर ती फाइल फक्त दोन दिवस होती. मी मोजलं, अकरा टेबलं होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फराळाचं ताट घेऊन बसलेलो आणि वॉचमनचा फोन आला. काका, केमिस्ट्रीत वरच्या खोलीतून मोठ्ठा आवाज झाला, दाराखालून पांढरा धूर येतोय, फायर ब्रिगेडला लावू का फोन. मी ओरडलोच, म्हटलं दार उघडू नको, तिथून लांब हो, तो धूर नाही, हेलियम आहे, आत ऑक्सिजन नसेल, जिन्याच्या खिडक्या उघड आणि खाली ये. मॅग्नेट क्वेंच झाला होता. म्हणजे थंडपणा गेला, मॅग्नेटमधली सगळी शक्ती उष्णता होऊन बाहेर पडली आणि उरलंसुरलं हेलियम उकळून पाच-दहा मिनिटांत छतातून गेलं. दीड वर्ष झालं होतं मला रिटायर होऊन, आणि वॉचमननं फोन मला केला, कारण त्याच्या केबिनच्या भिंतीवर माझाच नंबर लिहिलेला होता, दुसरा कोणाचा लिहायचा हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

परत चालू करायचं कोटेशन आलं, हेलियम, इंजिनियर, सुटे भाग सगळं धरून, ते बघून फाइल मिटली. आता त्या मशीनवर निळं प्लास्टिक आहे. पण विभागाच्या वेबसाइटवर जा, नवीन प्रपोजल उघडा, माहितीपत्रक बघा, तो फोटो तसाच आहे. ती मुलगी हसतेय, नळी उलटी. देशभरातल्या संशोधन यंत्रांची यादी आय-स्टेम नावाच्या सरकारी पोर्टलवर असते, त्यावर सुद्धा आमचं मशीन गेल्या वेळेस बघितलं तेव्हा होतं, एका मुलानं त्यावरून सँपल पाठवायचं का म्हणून विचारणा केली होती तर त्याला काय उत्तर द्यायचं ह्यावर पण बैठक झाली म्हणे.

आमचे विद्यार्थी आता सँपल कुरिअरनं आयआयटी मुंबईच्या सैफ ह्या तपासणी केंद्राला पाठवतात, पैसे भरतात आणि रांगेत थांबतात. तिथे काम चोख होतं, तक्रार नाही. आयआयटी मुंबई २०१८ च्या जुलैत केंद्राच्या योजनेतली इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स झाली, म्हणजे पाच वर्षांत १००० कोटींपर्यंत जादा पैसे, तिच्याबरोबर आयआयटी दिल्ली आणि बंगळूरची आयआयएस्सी. त्याच यादीत खासगीमध्ये जिओ इन्स्टिट्यूटचं नाव होतं जी तेव्हा उभीसुद्धा नव्हती, त्यावर सोशल मीडियावर काय धुमाकूळ झाला होता आठवत असेल. (खासगीवाल्यांना पैसे नव्हते, फक्त दर्जा आणि मोकळीक होती, हे पण सांगायला पाहिजे.) सरकारी दहा निवडायच्या होत्या, शेवटी आठ झाल्या, आणि त्या आठात राज्य सरकारचं विद्यापीठ एकही नाही, सगळ्या केंद्राच्या संस्था. जादवपूर आणि चेन्नईचं अण्णा विद्यापीठ दारापर्यंत पोचली होती पण राज्यानं आपला वाटा उचलायचा अशी अट आली, बंगालात पैशावर अडलं आणि तामिळनाडू सरकारनं आरक्षणावर काय परिणाम होईल वगैरे मुद्दे काढून माघार घेतली. म्हणजे देशातली बहुतेक पोरं जिथे शिकतात ती राज्य विद्यापीठं ह्या शर्यतीत फक्त टाळ्या वाजवायला. आणि देश म्हणून आपण संशोधनावर खर्च करतो जीडीपीच्या ०.६४ टक्के, २०२०-२१ चा आकडा आहे, त्यामुळे एकूण ताटच लहान आणि त्यात कोणाला वाढायचं ह्याचीच स्पर्धा. पण हा विषय माझ्यापेक्षा शहाण्या लोकांनी लिहिलाय, मी परत माझ्या खोलीत येतो.

शेवटची चार वर्षं रँकिंगचा डेटा गोळा करायला मला पण बसवायचे कारण मला एक्सेल येतं. एनआयआरएफमध्ये शिकवणं आणि साधनसामग्रीला ३०, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निकालाला २०, सर्वांना सामावून घेण्याला १० आणि लोकांचं तुमच्याबद्दल मत काय ह्याला १०. शिक्षक किती, त्यात पीएच.डी. किती, पेपर किती, ते पेपर दुसऱ्यांनी किती वापरले, पेटंट किती, प्रोजेक्टचे पैसे किती. हे सगळं भरलं. तंत्रज्ञ किती, आणि तो कायम आहे का, हा कॉलम मला चार वर्षांत दिसला नाही. मशीन घ्यायला किती खर्च झाला ते विचारतात, ते मशीन आज चालू आहे का हे विचारत नाहीत. मग ज्याला मार्क नाहीत त्याच्यावर कोण कशाला भांडेल, कुलगुरूंची पाच वर्षांची मुदत असते, त्यांना मार्क मिळतील तेच बघावं लागणार.

आणि प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांवर निदान बोंब तरी होते. मोर्चे निघतात, सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, उपोषणाला बसतात, विधानसभेत प्रश्न येतो. बरोबरच आहे ते, तासावर पगार घेणारा माणूस रिसर्च कधी करणार. पण आमच्या जागा रिटायरमेंटबरोबर एकेक करून गुपचूप गेल्या. मी लागलो तेव्हा विभागात आम्ही नऊ जण होतो, ग्लास ब्लोअरसकट. मी निघालो तेव्हा तिघं. ग्लास ब्लोअरची खोली आता प्रपोजलच्या फाइली ठेवायला वापरतात, हे मी गंमत म्हणून सांगत नाही, खरंच वापरतात.

दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला नातवाला घेऊन नारायणगावजवळ खोडदला गेलो होतो, जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघायला, तेव्हा ते सगळ्यांना उघडं असतं. ३० डिश आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची, पार शेतांमधून पसरलेल्या. गोविंद स्वरूप सरांनी हे उभं केलं, टीआयएफआर ह्या संशोधन संस्थेचं एनसीआरए केंद्र ते चालवतं, आणि नव्वदच्या दशकापासून उन्हापावसात त्या डिश फिरतायत, मध्ये सुधारणा होऊन आधीपेक्षा चांगल्या चालतायत. नातू आकाशगंगेच्या पोस्टरपाशी रमला, मी मात्र एका गिअरबॉक्सपाशी उभा होतो. अँटेनाचं मेकॅनिकल बघणारे वेगळे, मोटर-सर्व्हो बघणारे वेगळे, आणि जो माहिती देत होता तो माणूस असा बोलत होता की जणू घरच्या बैलाबद्दल सांगतोय, ही डिश वारा आला की अशी कुरकुरते, तिला असं उभं करून ठेवायला लागतं. मला एकदम बरं वाटलं आणि वाईट पण वाटलं. हे महाराष्ट्रातच आहे हो, कुठे लांब नाही.

माझा भाचा जर्मनीत ड्रेस्डेनला पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन करतो. तिथे पण २००५-०६ पासून सरकारनं अशीच एक्सलन्सची स्पर्धा लावलीय, आणि ती लुटुपुटूची नाही, २०१२ ला गोटिंगेन, फ्रायबुर्ग आणि कार्ल्सरूह ह्या नावाजलेल्या विद्यापीठांचा एक्सलन्सचा दर्जा काढून घेतला होता, कार्ल्सरूहनं तो २०१९ ला परत मिळवला, बाकीच्या दोघांना तेव्हा नाही मिळाला. मी त्याला विचारलं दर्जा गेल्यावर तिथलं हेलियम बंद झालं का रे? हसायला लागला. म्हणाला मामा, विद्यापीठाचा रोजचा खर्च तिथलं राज्य देतं, स्पर्धेचे पैसे त्याच्या वरचे. आणि आमच्या डिपार्टमेंटमधला टेक्निशियन प्रोफेसरपेक्षा जुना आहे, त्याला विचारल्याशिवाय प्रोफेसरसुद्धा मशीनला हात लावत नाहीत. कॉन्ट्रॅक्टचं रडगाणं तिथेही आहे म्हणतो, त्याचंच स्वतःचं पुढच्या वर्षी संपतंय, पण ते संशोधन करणाऱ्यांचं. मशीनवाल्याचं नाही. मी त्याला म्हटलं अरे मग तू माझ्यासारखा मशीनवालाच का नाही झालास.

आपल्याकडे उलटं. स्पर्धेच्या पैशावर मशीन घ्यायचं आणि रोजचं भागवायला राज्याचा पैसाच नाही. योजनेत माणूस मिळतो पण योजनेपुरता, तीन वर्षं, पाच वर्षं, मशीनचं आयुष्य पंधरा-वीस वर्षं. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात ते हेच. आणि चणे परत परत मागायला आपण दिल्लीला जातोय.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते वाचून आमचे काही सर चिडतील, चिडू देत. ज्या विद्यापीठाला मोठं मशीन पाहिजे त्यानं प्रपोजलच्या पहिल्या पानावर लिहून द्यावं की हे मशीन कोण चालवणार, तो कायम नोकरीत आहे का, तो कधी रिटायर होणार आणि त्याच्यानंतर कोण. राज्य सरकारनं त्या पोस्टला त्याच कागदावर मंजुरी द्यावी, नंतर आकृतिबंधात बघू असं नको. योजना संपल्यावर हेलियम, नायट्रोजन, एएमसी कुठल्या हेडमधून जाणार ते पण आत्ताच लिहा. हे रकाने रिकामे असतील तर मशीन देऊ नका. हो, देऊच नका. त्या पैशात आमची सगळी सँपल्स वीस वर्षं मुंबईला कुरिअरनं गेली असती तरी पैसे उरले असते, आणि त्या दिवाळीला वॉचमनच्या जिवाला घोर लागला नसता.

आणि तुमच्या बातमीदारांना एक विनंती. अमुक विद्यापीठाला इतके कोटी मंजूर, कुलगुरूंनी पेढे वाटले, अशी बातमी करायला जाल तेव्हा अभिनंदन करून झाल्यावर जुन्या ग्रँटमधलं मशीन बघायचंय असं सांगा. बोर्डावर विश्वास ठेवू नका, बोर्ड आम्हीच करतो. मशीनच्या शेजारी एक लॉगबुक असतं, कोणी कधी किती वाजता वापरलं ते त्यात लिहिलेलं असतं, त्याचं शेवटचं भरलेलं पान उघडून तारीख बघा. एवढं केलंत तरी पुष्कळ कळेल.

आमच्या विद्यापीठाला ह्या जूनमध्ये नव्या योजनेतून आणखी एक मशीन मंजूर झाल्याचं कळलं, त्याला पण द्रव नायट्रोजन लागतो. मी कुलसचिवांना अर्ज दिला की ज्याला कोणाला घ्याल त्याला शिकवायला मी आठवड्यातून दोन दिवस येतो, मानधन नको, चहासुद्धा घरून पिऊन येईन. आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी आस्थापना विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे असं पत्र आलंय, त्याला चार महिने होतील. मध्यंतरी माझा मोबाइल नंबर बदलला, तर मागच्या सोमवारी मुद्दाम तिकडे जाऊन वॉचमनच्या भिंतीवरचा जुना नंबर खोडून नवीन लिहून आलो.

आपला,
एक निवृत्त तांत्रिक सहाय्यक
(कृपया नाव छापू नये)